व्हीगन व्हायचे सल्ले : कुठले धरले, कुठले सोडले

सावकाश | रविवार, सकाळी १०.२०

दीड वर्ष झालं, मी दूध, अंडी, मध, मासे, मांस यांतलं काहीही खात नाही, म्हणजे व्हीगन आहे. सुरुवात प्राण्यांसाठी केली, तब्येतीसाठी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'मग खा की परत' असं लिहायला सरसावलेल्यांचे कष्ट वाचतील. पण या दीड वर्षात मी सल्ले मात्र पोत्यानं ऐकले. व्हिडिओ, तीस दिवसांची आव्हानं, 'दूध सोडा आणि चमत्कार बघा' छापाचे लेख. त्यातले काही सोन्यासारखे निघाले आणि एकानं मला जवळजवळ अधू केलं. म्हणून हा धागा.

आधी अधूपणाचं. साधारण अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी जिना उतरून खाली आले, तर शेजारीण म्हणाली, "अगं, एकाच पायात चप्पल आहे तुझ्या." दुसरी चार पायऱ्या वर पडली होती. पायातून चप्पल सुटली आणि मला पत्ता नाही! त्याआधी महिनाभर तळव्यांना मुंग्या येत होत्या. बसायची सवय वाईट म्हणून असेल, असं मी स्वतःला पटवलं होतं. रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं. गंमत म्हणजे हिमोग्लोबिन अगदी झकास. डॉक्टर म्हणाले, तिथेच तर फसगत होते. हिरव्या पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट (तेही एक ब जीवनसत्त्वच) भरपूर पोटात जातं, त्यामुळे रक्तक्षय दिसत नाही आणि इकडे नसांचं नुकसान चालूच राहतं.

मी बी-१२ साठी काय घेत होते? रोज चमचाभर स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाची हिरवी पूड. ज्या बाईंचे व्हिडिओ मी बघायचे, त्या म्हणायच्या की यात भरपूर बी-१२ आहे आणि उरलेलं न धुतलेल्या भाज्यांवरच्या मातीतून मिळतं. स्पिरुलिनात जे असतं ते बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला वापरता न येणारं रेणू. तोतया. दहा महिने मी तोतयाला पगार देत होते.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. निरोगी माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. माझा इतक्या लवकर संपला, कारण त्याआधी कित्येक वर्षं मी ॲसिडिटीची गोळी घेत होते. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही. म्हणजे मी रिकाम्या खिशानंच प्रवासाला निघाले होते. पण 'सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या' हे शंभरातल्या एकाही व्हिडिओत नव्हतं.

आता सोन्यासारखे सल्ले. 'रोज एक वाटी कडधान्य, काहीही झालं तरी' हा पहिला. पोट इतकं बिनतक्रार आयुष्यात कधी नव्हतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ वरून ११७ वर आलं, औषधाविना. 'एका वेळी एकच पदार्थ बदला' हाही उत्तम. आणि 'सोया दूध घ्यायचं तर कॅल्शियम घातलेलं घ्या' हा तर फारच शहाणपणाचा.

त्या शेवटच्यात एक मेख आहे, ती मला अपघातानं कळली. खोका रिकामा झाल्यावर कात्रीनं उघडून धुवायची मला सवय आहे. एकदा तळाशी बघते तर बोटभर पांढरा गाळ, ओल्या खडूसारखा. ते माझं कॅल्शियम! आठवडाभर मी खोका न हलवता वरचं पाणचट पीत होते आणि हाडांचा ऐवज कचऱ्यात टाकत होते. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, 'वापरण्यापूर्वी हलवा'. वाचतो कोण!

तर माझं म्हणणं एवढंच, की हे सल्ले देणाऱ्यांना वजाबाकी फार छान येते. हे सोडा, ते सोडा, आता तेलही सोडा. त्या जागी काय ठेवायचं ते विचारलं की 'शरीराचं ऐका' म्हणतात. माझ्या शरीरानं चप्पल पडली तरी सांगितलं नाही, काय ऐकू?

तुमचे अनुभव लिहा. भांडण चालेल, मोघम नको.


तिरकस | रविवार, सकाळी १०.५१

म्हणजे निसर्गाच्या जवळ जायचं आणि तिथे पोचल्यावर कारखान्यातली गोळी खायची. छान आहे.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लोण्याशिवाय, तुमचा मान राखून. (कृपया हलकेच घ्या)


पानोपानी | रविवार, दुपारी १२.०५

सावकाश, फार मोलाचा धागा. अकरा वर्षं व्हीगन आहे आणि स्पिरुलिनावाल्यांमुळे आम्हा सगळ्यांचं नाव खराब होतं म्हणून आणखीच चिडते.

तिरकस, गोळीचा मुद्दा दर धाग्यावर येतो, तर एकदाच लिहिते. बी-१२ ना गाय बनवते ना पालक. ते बनवतात जीवाणू. गाईच्या पोटात ते जीवाणू असतात आणि त्यांना त्यासाठी कोबाल्ट लागतं, जे चाऱ्यात कमी पडलं तर वरून द्यावं लागतं. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात तर बी-१२ सरळ मिसळतात. म्हणजे गोळी तुम्हीही खाताय, फक्त ती आधी कोंबडी खाते.

आणि ही काही आम्ही लपवलेली गोष्ट नाही. व्हीगन हा शब्दच मुळी १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला. बी-१२ प्रयोगशाळेत वेगळं करता आलं १९४८ मध्ये. म्हणजे पहिल्या व्हीगन लोकांना आपल्या ताटात काय नाही हे माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि त्यातल्या काहींना त्रास झालाही. पुढे त्यांच्याच व्हीगन सोसायटीनं ठणकावून सांगायला सुरुवात केली की बाबांनो, गोळी घ्या किंवा बी-१२ घातलेले पदार्थ खा, तिसरा मार्ग नाही. ऐंशी वर्षांपूर्वी न कळणं समजू शकते. आज कॅमेऱ्यासमोर बसून मातीचं माहात्म्य सांगणं याला मी अज्ञान म्हणत नाही.


मोजमाप | रविवार, दुपारी ३.३०

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे व्हीगन दोन प्रकारचे. एकांची वही माझ्यापेक्षा चोख असते. दुसरे थकवा आला की 'शरीर विषारी द्रव्यं बाहेर टाकतंय' असं समजून खूश होतात. दुसऱ्यांना तसं सांगणारे लोक भेटले तर मला चार शब्द बोलायचेत.

बी-१२ च्या मात्रेबद्दल गोंधळ फार आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम, पण गोळी मात्र रोज १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा २००० ची घ्या म्हणतात. लोक विचारतात, हे कुठलं गणित? कारण साधं आहे. जठरातून निघणारं एक प्रथिन बी-१२ चा हात धरून त्याला आत नेतं, आणि एका वेळी ते दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकतं. दारवान एकच आहे असं समजा. त्याच्या नजरेआडून भिंत चढून आत जाणारं फक्त १ टक्क्याच्या आसपास. म्हणून रोज थोडं घेतलं तर थोडक्यात भागतं, आठवड्यानं घ्यायचं तर गाडीभर लागतं.

हे निरोगी माणसाचं झालं. मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा असं काही सुरू झालं असेल तर दुकानातून गोळी आणून वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे जा, इंजेक्शन लागू शकतं. नसांचं नुकसान लांबलं तर पूर्ण भरून येतंच असं नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, आणि सावकाश यांच्यासारख्या ॲसिडिटीच्या गोळीवाल्यांनी तर व्हीगन नसलात तरी तपासून घ्या.

लोकप्रिय सल्ल्यांत मला सगळ्यात खटकणारा सल्ला 'कॅल्शियमसाठी पालक खा' हा. पालकात कॅल्शियम आहे, पण पालकातल्याच ऑक्झलेट नावाच्या द्रव्यानं त्याला असं आवळून धरलेलं असतं की जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास लागतं. केल, ब्रोकोली यांतलं टक्केवारीत दुधापेक्षाही जास्त, पण ब्रोकोलीत मुळात कॅल्शियमच बेताचं, त्यामुळे नुसत्या तिच्यावर दिवसाचे १००० मिलिग्रॅम भरायचे तर टोपल्या रिचवाव्या लागतील. कॅल्शियमचं क्षार वापरून घट्ट केलेला टोफू आणि कॅल्शियम घातलेलं सोया दूध हे जास्त व्यवहाराचे मार्ग. आणि हो, खोका हलवा. ते ओल्या खडूचं वर्णन मी उद्यापासून वापरणार आहे.

लोहाचा सल्ला मात्र बहुतेक ठिकाणी बरोबर दिलेला असतो : डाळी-कडधान्यांबरोबर लिंबू, टोमॅटो, पेरू असं काहीतरी 'क' जीवनसत्त्वाचं घ्या आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा. भिजवणं, मोड आणणं यानं फायटेट हे खनिजं अडवून धरणारं द्रव्य कमी होतं, लोह आणि जस्त दोन्ही जास्त शोषलं जातं.

आयोडीनचं कुणी नावच घेत नाही. दूध, अंडी, मासे सुटले की आयोडीनचे मोठे वाटे सुटतात. त्यात 'शुद्ध नैसर्गिक' म्हणून गुलाबी किंवा जाडं समुद्री मीठ आणलं, ज्यात आयोडीन घातलेलं नसतं, की थायरॉइडची परीक्षा सुरू. रोजचे १५० मायक्रोग्रॅम लागतात. समुद्री शेवाळ खाऊन भरून काढू म्हणाल तर केल्पमध्ये ते इतकं अफाट असू शकतं की तेही घातकच.


नवखा | रविवार, दुपारी ३.५८

केल आणि केल्प वेगळे आहेत हे आत्ता कळलं. दोन महिने एकाच्या जागी दुसरं शोधत होतो.


मोजमाप | रविवार, दुपारी ४.१०

:) एक कोबीच्या कुळातली भाजी, दुसरं समुद्रातलं शेवाळ. सापडलं नाही ते बरंच झालं.


आकडेमोड | रविवार, रात्री ९.१५

मी व्हीगन नाही. अंडी खातो. पण दोन्ही बाजूंचे लोक अभ्यासांची नावं घेऊन जे फेकतात ते वाचून राहवत नाही.

ब्रिटनमध्ये एपिक-ऑक्सफर्ड म्हणून हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास आहे. २०१९ मध्ये त्यांनी छापलं की शाकाहारी लोकांत (यात व्हीगनही धरलेले) हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी. व्हीगन पानांवर एवढंच वाक्य फिरतं. त्याच निबंधात पक्षाघात २० टक्के जास्त आहे, ते मांसाहारी पानांवर फिरतं. दोघांनी पूर्ण वाचलं असतं तर कळलं असतं की दर १००० माणसांत १० वर्षांत हृदयाचे साधारण १० रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे ३ जास्त. ठरवा आता तुम्हीच.

२०२० मध्ये त्याच लोकांचा हाडांवरचा निबंध आला. व्हीगन लोकांत हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारींच्या तुलनेत ४३ टक्के जास्त, खुब्याचं हाड तर २.३ पट. हा आकडा व्हीगन सल्लागार गिळून टाकतात. पण यालाही तळ आहे. त्यातल्या व्हीगन लोकांचं वजन कमी, कॅल्शियम कमी, प्रथिनं कमी. ते हिशेबात धरल्यावर फरक घटला, पण पुसला गेला नाही. म्हणजे सावकाश यांच्या खोक्याच्या तळाशी जे होतं, त्याचा या आकड्याशी काहीतरी संबंध असावा, असं मला वाटतं. मला वाटतं, सिद्ध नाही.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. जो माणूस विचार करून आहार बदलतो तो सिगारेटही कमी ओढतो, चालतोही जास्त. म्हणून मला २०२३ चा स्टॅनफर्डचा प्रयोग आवडतो. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या, एकाला व्हीगन, दुसऱ्याला मांसासकट पण चांगला चौरस आहार, ८ आठवडे. व्हीगन जुळ्यांचं एलडीएल जास्त उतरलं, वजनही जास्त उतरलं. आता एलडीएल वजनामुळे उतरलं की आहारामुळे, यावर भांडायला जागा आहेच. आणि ८ आठवड्यांत कुणाच्या पायातली चप्पल सुटत नाही.

एक आठवण : 'मांस सोडा' आणि 'प्रक्रिया केलेलं मांस सोडा' हे दोन वेगळे सल्ले आहेत. दुसऱ्यामागे पुरावा दणदणीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये सॉसेज, बेकन वगैरेंना पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो याचा पुरावा पक्का असलेल्या गटात टाकलं : रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्के जास्त. त्याचा अर्थ 'सॉसेज म्हणजे सिगारेट' असा नाही. गट सांगतो पुरावा किती पक्का, धोका किती मोठा ते नाही.


तिरकस | रविवार, रात्री ९.४०

आणि सोयाचं काय? पुरुषांना छाती येते म्हणे. मित्र म्हणून विचारतोय. मित्रासाठी, म्हणजे.


आकडेमोड | रविवार, रात्री ९.५२

मित्राला सांगा निश्चिंत राहा. सोयात जे असतं ते वनस्पतीतलं संप्रेरकसदृश द्रव्य, माणसातल्यापेक्षा फारच दुबळं. २०२१ मध्ये ४१ चाचण्या एकत्र करून बघितल्या, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जागच्या जागी. बायकी झाल्याच्या ज्या एक-दोन गोष्टी फिरतात त्यातले लोक रोज अफाट प्रमाणात सोया पोटात घालत होते.

'दूध प्यायल्यानं हाडांतलं कॅल्शियम झिरपून जातं' हे उलट्या बाजूचं असंच पिल्लू. दुधानं शरीरात आम्ल वाढतं आणि ते सावरायला हाडं झिजतात, या सिद्धान्ताला मोजमापात आधार मिळालेला नाही. दूध नको असेल तर नका पिऊ, पण दुधावर खोटी केस कशाला?


दमछाक | सोमवार, सकाळी ६.१५

पळून आलो, घाम वाळायच्या आत लिहितो.

मी पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीत असताना व्हीगन झालो. कुठल्याशा पोस्टात वाचलेलं, 'गोरिला बघा, पानं खाऊन केवढा'. गोरिला दिवसभर खातो आणि त्याचं आतडं त्यासाठीच घडलंय, हे नंतर सुचलं. माझ्या ताटात सॅलडचा डोंगर, पोट तट्ट, आणि तीन महिन्यांत पाच किलो खाली. लोक म्हणाले वा! शर्यतीत बत्तिसाव्या किलोमीटरला मी पदपथावर बसून रडत होतो. कुठल्या पोषकद्रव्याची कमतरता वगैरे नाही हो, नुसती भूक! पानाफळांत पाणी आणि तंतू जास्त, उष्मांक कमी. ज्याला वजन उतरवायचंय त्याला हे वरदान, मला नव्हतं.

मग प्रथिनांचं खूळ. आधी मी बदाम दूध प्यायचो, चव छान म्हणून. एकदा मागची पट्टी वाचली तर पेल्याला जेमतेम एक ग्रॅम. सोया दुधात सात-आठ, गाईच्या दुधाइतकंच जवळपास. 'दूध' शब्दावर जाऊ नका. आता डाळ, टोफू, शेंगदाणे, सोयाचे दाणे यावर नीट चाललंय. 'प्रत्येक घासाला धान्य आणि डाळ एकत्रच हवी' हा जुना धाक मात्र सोडून द्या. १९७१ च्या एका गाजलेल्या पुस्तकानं तो घातला आणि १९८१ च्या आवृत्तीत लेखिकेनंच मागे घेतला. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

आता लाजिरवाणी गोष्ट. मध्ये मला कच्च्या अन्नाचं वारं लागलं. 'शिजवलं की अन्न मरतं.' रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी सॅलडमध्ये टाकला, फुगून छान टपोरा दिसत होता, कुरकुरीत लागला. दोन तासांनी जे सुरू झालं ते सभ्य धाग्यावर लिहिता येणार नाही. राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, चार-पाच कच्चे दाणेही पुरतात, आणि ते मोडायला दहा मिनिटं तरी खळखळून उकळावं लागतं. मंद आचेच्या भांड्यात अर्धवट शिजवलं तर आणखी वाईट. अन्न मेलं नव्हतं, मीच मरायला टेकलो होतो.


लेकुरवाळी | सोमवार, दुपारी १.२०

वाचनमात्र होते, पण इथे लिहावंसं वाटलं.

मोठ्यांनी स्वतःवर प्रयोग करणं वेगळं. मी गरोदर असताना मला सगळ्यात जास्त सल्ले मिळाले ते 'सगळ्या टप्प्यांवर सुरक्षित आहे, अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलंय' असे. २०१६ च्या त्यांच्या भूमिकेत तसं होतं खरं, पण वाक्याची सुरुवात 'योग्य नियोजन केलेला' अशी होती आणि पुढे सांगणारे ते तीन शब्द खाऊन टाकायचे. २०२५ ची त्यांची नवी भूमिका तर फक्त प्रौढांपुरती आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका त्यात धरलेल्याच नाहीत. जर्मनीच्या पोषण संस्थेनं २०१६ मध्ये गरोदर बायका आणि मुलांसाठी व्हीगन आहार नको म्हटलं होतं. २०२४ मध्ये त्यांनी तो सूर बदलला, पण बदलून 'हो' म्हटलं नाही. या गटांसाठी बाजूनं किंवा विरोधात ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं. मला ते प्रामाणिक वाटलं.

मी व्हीगनच राहिले. पण दर भेटीला यादी घेऊन जायचे : बी-१२, लोह, आयोडीन, ड जीवनसत्त्व, आणि शेवाळाच्या तेलातलं डीएचए (ओमेगा-३ चरबीचा एक प्रकार). जवस, अक्रोड यांतलं ओमेगा-३ चांगलंच आहे, पण शरीर त्याचं डीएचए फारच थोडं करतं. माशांमध्ये तरी ते येतं कुठून? शेवाळातूनच. मधला मासा गाळला इतकंच.

पाजणाऱ्या आईत बी-१२ नसेल तर दुधात उतरत नाही, आणि बाळाकडे वर्षानुवर्षांचा साठा नसतो. महिन्यांत परिणाम दिसतो. माझ्या ओळखीतल्या एका बाळाचं मान धरणं मागे गेलं होतं, वेळेत कळलं म्हणून सावरलं. त्या आईवर मी रागवू शकत नाही. तिला एका गटात सांगितलं होतं की आईचं दूध परिपूर्ण असतं.

आणि कृपा करून, वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी बदामाचं किंवा तांदळाचं दूध पाजू नका. ते दूध नव्हेच. तांदळाच्या दुधात आर्सेनिकचा प्रश्न आहे म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते नकोच म्हणतात. आईचं दूध नसेल तर बाळांसाठी बनवलेलं सोया फॉर्म्युला मिळतं, तेही डॉक्टरांना विचारून.


पानोपानी | सोमवार, रात्री १०.४५

लेकुरवाळी, दंडवत.

मला एक लिहायचंय जे अकरा वर्षांत कुठेच लिहिलं नाही. मी व्हीगन झाले तेव्हा माझ्या मनात प्राणी होते, पण आणखी एक गोष्ट होती. न खायला मला एक सभ्य कारण मिळालं होतं. वाढदिवसाचा केक आला, 'नको, मी व्हीगन'. कुणी आग्रह करत नाही, उलट कौतुक करतं. आधी दूध गेलं, मग तेल, मग साखर, मग गव्हाचं पीठ, मग संध्याकाळी सहानंतरचं सगळं. प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी सल्लागार टाळ्या वाजवत उभा होता. एका दुपारी मी सफरचंदाच्या आठ फोडी मोजल्या आणि एक परत ठेवली. तेव्हा बहिणीनं ताट ओढून घेतलं माझ्यासमोरून आणि म्हणाली, "यात प्राणी कुठे आहे, दाखव."

नव्हताच.

मी आजही व्हीगन आहे, पण तेल खाते, केक खाते, अंड्याविना केलेला, आणि दोन वेळा वाढून घेते. आहारानं मला आजारी केलं नाही, पण आजाराला लपायला फार छान जागा दिली. 'तेल म्हणजे विष' म्हणणाऱ्यांना ऐकणाऱ्यांत माझ्यासारखी किती असतील देव जाणे.


तिरकस | सोमवार, रात्री ११.०२

पानोपानी, पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. तुमची बहीण ग्रेट आहे.


नवखा | मंगळवार, सकाळी ८.३०

इतकं वाचून घाबरलोय. चीज मला सुटेना, तर व्हीगन चीज चालेल का? आणि पर्यावरणासाठी म्हणून करतोय, तर थोडं थोडं केलं तर काही उपयोग आहे का?


मोजमाप | मंगळवार, सकाळी ९.१०

चालेल, पण चीज म्हणून नाही, चैन म्हणून. बहुतेक व्हीगन चीज म्हणजे खोबरेल तेल आणि स्टार्च. प्रथिनं जवळजवळ शून्य आणि संपृक्त चरबी भरपूर. पाकिटावर हिरवं पान छापलं की ते आरोग्याचं होत नाही. बटाट्याचे वेफर आणि सरबतही व्हीगनच असतात.


आकडेमोड | मंगळवार, सकाळी ९.३५

नवखा, थोडं थोडंही मोजलं जातं. २०१८ मध्ये ११९ देशांतल्या ३८ हजारांवर शेतांची आकडेवारी एकत्र करून एक मोठा निबंध आला. सगळ्या जगानं प्राणिजन्य अन्न सोडलं तर शेतीखालची जमीन ७६ टक्क्यांनी कमी लागेल. सगळं जग सोडणार नाही, पण गोमांस आणि मटण यांचा वाटा इतका अवाढव्य आहे की ते निम्मं केलंत तरी बराच पल्ला मारलात. बदाम दुधाच्या पाण्याबद्दल जो आरडाओरडा होतो, त्यातही तथ्य आहे : लिटरला ३७१ लिटर पाणी. गाईच्या दुधाला ६२८. सोयाला २८. म्हणजे बदामाला शिव्या देऊन गाईचं दूध पिणाऱ्यांनी जरा दमानं.


पानोपानी | मंगळवार, सकाळी ९.५०

आणि घाबरू नका. आम्ही इथे चुकाच लिहिल्यात म्हणून हे सगळं भयंकर वाटतंय. रोजचं जेवण अगदी साधं असतं हो. कडधान्य, धान्य, भाज्या, मूठभर दाणे, एक गोळी.


नवखा | मंगळवार, सकाळी १०.०५

ती गोळी घ्यायची कधी? जेवणाआधी की नंतर?


सावकाश | मंगळवार, दुपारी १२.३०

सगळ्यांचे आभार. पानोपानी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मीही तेल सोडायच्या बेतात होते, ते रद्द.

तळव्यांचं विचाराल तर इंजेक्शनं झाली, मुंग्या गेल्या. डाव्या अंगठ्याच्या टोकाला अजून बधिर आहे, काल सुईनं टोचून बघितलं. डॉक्टर म्हणतात बघू.

नवखा, जेवणाचा काही संबंध नाही. मी दात घासायच्या ब्रशच्या पेल्यात बाटली ठेवलीय. पेला उचलला की ती आडवी पडते, आवाज होतो, आठवण होते.


तिरकस | मंगळवार, दुपारी १२.४१

कुठली कंपनी? मित्र विचारतोय. तो ॲसिडिटीची गोळी सहा वर्षं घेतोय, आणि व्हीगन अजिबात नाही.


मोजमाप | मंगळवार, दुपारी १२.४४

कंपनी नंतर. मित्राला म्हणावं आधी रक्त तपास.